गावले चाला
(सुरतच्या प्लेगच्या शाळकरी आठवणी : प्रस्तावना)

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे मी पुष्कळ पाहिले आहेत. फेटे, निवृत्त गुरुजींना शाल-श्रीफळ, कुणाचं डोकं कुणाच्या खांद्याआड गेलेला एक मोठा फोटो, मग जेवण. त्यामुळे डिंडोलीहून माझ्या चुलत बहिणीचा फोन आला आणि "आमच्या शाळेचा मेळावा झाला" असं ती सांगू लागली, तेव्हा मी हूं हूं करत ऐकत होतो. मग ती म्हणाली, "दादा, जेवणं झाली तरी कुणी उठेना. रात्री साडेबारापर्यंत सगळे प्लेगवरच बोलत होते."

त्या रात्रीतून हे पुस्तक निघालं. उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली या पट्ट्यातल्या एका मराठी शाळेत १९९४ साली तिसरी ते सातवीत असलेल्या एकतीस जणांनी आपापल्या आठवणी लिहून दिल्या किंवा सांगितल्या. ही मुलं आता चाळिशीत आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुढे डिंडोलीत घरं घेतली. तेव्हाची डिंडोली म्हणजे शहराची कड. रुळांपलीकडे शेतं आणि मधूनमधून नव्या सोसायट्यांचे पाये. आज तिथल्या गल्लीत उभं राहिलं तर अहिराणी, मराठी, गुजराती आणि हिंदी एकाच वाक्यात ऐकू येतात.

मराठी वाचकाला सुरत म्हटलं की १६६४ आठवतं आणि प्लेग म्हटलं की १८९७ चं पुणं : रँड, चापेकर बंधू, आणि रुग्णांची सेवा करताना स्वतःच प्लेगने गेलेल्या सावित्रीबाई फुले. या दोन आठवणींच्या मध्ये सुरतचा प्लेग कुठे बसवायचा हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून आधी घटना थोडक्यात सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. त्याच सुमारास तापीला पूर येऊन गेला होता आणि सुरतच्या सखल वस्त्यांत चिखल, कचरा आणि मेलेली जनावरं सडत होती. १८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. मिरवणुका झाल्या, गणपती बुडाले, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत वेड रोड भागातून तापाने फणफणलेले, रक्त थुंकणारे रुग्ण दवाखान्यांत येऊ लागले. हा प्लेग गाठीचा नव्हता, फुप्फुसाचा होता, खोकल्यातून पसरणारा. पहिल्या रात्री तर पाण्यात विष कालवलं गेल्याची अफवा उठली होती. शाळा, सिनेमागृहं, कारखाने बंद झाले. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून दिसेनाशा झाल्या. खासगी डॉक्टरांपैकी अनेकांनी दवाखान्यांना कुलपं लावली आणि तेही निघाले. १९९१ च्या जनगणनेत सुरतची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास होती. चार-पाच दिवसांत त्यांतले किती लोक शहर सोडून गेले याचे अंदाज तीन लाखांपासून सहा लाखांपर्यंत आहेत. आखाती देशांनी भारतातून येणारी विमानं थांबवली. मृत्यू मात्र पन्नास-साठच्या घरात राहिले.

हा प्लेग होता की नाही यावर डॉक्टरांमध्ये बराच काळ वाद चालला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने प्लेग असल्याचा निर्वाळा दिला, तरी शंका घेणारे थांबले नाहीत. बीडकडून आलेल्या मजुरांनी रोग आणला अशीही एक उपपत्ती होती. ती सिद्ध झाली नाही, पण मराठी वस्तीत राहणाऱ्यांना तिचे चटके बसायचे ते बसले. पुढची गोष्ट सुरतकर अभिमानाने सांगतात. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले, अधिकाऱ्यांना वातानुकूलित खोल्यांतून उठवून रोज सकाळी रस्त्यावर उभं केलं, आणि १९९६ मध्ये 'इंटॅक' या संस्थेने सुरतला चंदीगढच्या खालोखाल देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरवलं.

ही गोष्ट खरी आहे. तिच्यावर पुस्तकं आहेत, व्यवस्थापनाच्या वर्गात ती शिकवली जाते. घनश्याम शाह यांचा १९९७ चा अभ्यास सुरतची घाण, तिथलं राजकारण आणि सार्वजनिक आरोग्य यांचा धागा जोडून दाखवतो. यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातमधल्या फिरस्त्या मजुरांवर आयुष्यभर लिहिलं. पण या सगळ्या लिखाणात शहर सोडून गेलेले लोक हा एक आकडा असतो. ते स्टेशनवर चढतात आणि पानावरून नाहीसे होतात. दिवाळीच्या सुमारास परत येतात तेव्हा कारखाने पुन्हा सुरू झाल्याची नोंद होते. मधले पाच-सहा आठवडे ते कुठे होते, कुणाच्या ओसरीवर होते, हे इतिहासाने विचारलं नाही. सुरतेतल्या खान्देशी कुटुंबांचा प्लेग तर सगळा त्या मधल्या आठवड्यांतच घडला.

यासाठी रेल्वेचा नकाशा पाहायला हवा. उधन्याहून एक फाटा पूर्वेला वळतो : चलथाण, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव, भुसावळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही ताप्ती व्हॅली रेल्वे टाकली गेली ती खान्देशचा कापूस बंदराकडे नेण्यासाठी. कापसामागोमाग माणसं निघाली. लूमच्या खात्यांत, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, घरबसल्या साड्यांवर टिकल्या लावायच्या कामात. कोरडवाहू जमिनीचा तुकडा गावाकडे आणि पाळीची नोकरी सुरतेत, असा संसार पिढ्यान् पिढ्या चालला. आज सुरत महापालिकेच्या शाळा सात भाषांतून चालतात आणि त्यांत मराठी आहे, ती या एकेरी रुळाच्या कृपेने. (हो, १९९४ साली तो एकेरीच होता. क्रॉसिंगला गाडी तासभर थांबायची, आणि या पुस्तकातल्या निम्म्या आठवणी अशा थांबलेल्या गाडीतल्याच आहेत.)

वाटेत नवापूर लागतं. या स्टेशनच्या फलाटातूनच गुजरात आणि महाराष्ट्राची हद्द जाते. तिथलं एक बाकडं अर्धं या राज्यात आणि अर्धं त्या राज्यात आहे. एकीने लिहिलं आहे की तिची आई नवापूर गेल्यावरच रडायला लागली. तोपर्यंत तिने तोंडावरचा पदर काढला नव्हता. नवापूरनंतर काढला, जणू प्लेगलाही राज्याची हद्द कळते.

आता अशा आठवणींचं करायचं काय, हा प्रश्न. हे काम जगात कसं वाढत गेलं ते नव्या वाचकासाठी सांगतो.

माणसांना विचारून इतिहास लिहिणं ही जुनी गोष्ट आहे, पण तिला शिस्त आली ती विसाव्या शतकात. १९४८ मध्ये अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी कोलंबिया विद्यापीठात मुलाखती ध्वनिमुद्रित करून जपण्याचं केंद्र सुरू केलं. त्यांचा भर मोठ्या माणसांवर होता : न्यायाधीश, मंत्री, उद्योगपती. कागदपत्रांतल्या फटी बुजवायला साक्ष हवी, एवढाच त्यामागचा विचार. ब्रिटनमध्ये पॉल थॉम्पसन आणि त्यांच्या पिढीने दिशा बदलली. गिरणी कामगार, मोलकरणी, कोळी यांना विचारायचं, कारण त्यांनी कागद मागे ठेवलेलेच नाहीत. आपल्याकडे मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हे याच वळणाचं आणि माझ्या मते मराठीत अजून मागे न पडलेलं काम. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या घरी जाऊन, चुलीपाशी बसून त्या दोघींनी ते उभं केलं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये गिरणगावासाठी तेच केलं, उर्वशी बुटालिया यांनी १९९८ मध्ये फाळणीसाठी.

तिसरं वळण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावात १७ मार्च १९४९ ला नाटोविरोधी निदर्शनाच्या वेळी लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली अनेक वर्षांनी तिथल्या कामगारांशी बोलले, तेव्हा बहुतेकांनी ती गोळी १९५३ सालची सांगितली, कारखान्यातल्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळची. कागद दाखवून "तुम्ही चुकताय" म्हणणं सोपं होतं. पोर्तेल्लींनी विचारलं, सगळे एकच चूक का करतात? इतका चांगला गडी एका मोर्च्यात उगाच मेला हे गावाला पचलं नव्हतं. म्हणून गावाने त्याचं मरण उचलून मोठ्या लढ्यात नेऊन ठेवलं. चुकीच्या तारखेने गावाच्या मनातलं खरं सांगितलं.

याच्या उलट टोकाला मानसशास्त्रज्ञ उभे आहेत. जानेवारी १९८६ मध्ये 'चॅलेंजर' यान फुटलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी अलरिक नाइसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून ही बातमी कुठे आणि कशी कळली ते लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा विचारलं. जवळजवळ पाव जणांचं नवं उत्तर जुन्याशी कुठेच जुळेना, आणि तरीही ते ठामपणे सांगत होते. आपल्याला लख्ख आठवतं म्हणून ते तसंच घडलं असं नाही, हा धडा प्रत्येक स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापायला हवा.

शाळा आणि मुलं यांचा या क्षेत्रात स्वतंत्र पाट आहे. आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार शाळांतल्या पन्नास हजारांच्या आसपास मुलांना वह्या देऊन आजी-आजोबांकडच्या गोष्टी, औषधं, दुष्काळाच्या आठवणी लिहून आणायला सांगितलं. तो संग्रह आज त्या देशाचा ठेवा आहे. हिरोशिमात आराता ओसादा या शिक्षणतज्ज्ञांनी अणुबॉम्ब पाहिलेल्या मुलांकडून निबंध लिहून घेतले आणि १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्याकडे शाळेची स्मरणिका नावाचा प्रकार आहे. तिच्यात मंत्रिमहोदयांचे शुभसंदेश असतात, देणगीदारांचे फोटो, सायकलच्या दुकानाची जाहिरात, आणि "ते दिवस पुन्हा येणार नाहीत" अशा शेवटाचे दहा लेख. अधूनमधून एखाद्या लेखात पानशेतच्या पुराची किंवा किल्लारीच्या पहाटेची एखादी ओळ येते आणि वाटतं, अरे, इथे थांब, पुढे सांग. पण लेखक पुढच्या परिच्छेदात मुख्याध्यापकांच्या शिस्तीकडे वळलेला असतो.

या पुस्तकाच्या संपादकांनी तिथेच थांबायचं ठरवलं. त्यांनी सगळ्यांना तेच प्रश्न विचारले : कधी निघालात, काय बरोबर घेतलं, गोळी खाल्ली का, कुठे उतरलात, पहिली रात्र कुठे काढली, शाळेत परत कधी आलात. उत्तरं जशी आली तशी ठेवली. अहिराणी ठेवली, 'रोगचाळा' (म्हणजे साथ) आणि 'दवाखानू' असे गुजराती शब्द ठेवले, आणि चुकाही ठेवल्या. एकतीसपैकी एकोणीस जणांना आपण विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी निघालो असं आठवतं. तसं झालं नसणार. लोंढा फुटला तो त्यानंतर तीन-चार दिवसांनी. पण मुलांच्या हिशेबात गणपती बुडाला आणि घर सुटलं. मधले दिवस गळून गेले. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूलचा रंग तर कुणाला लाल-काळा आठवतो, कुणाला पिवळा, कुणाला नारिंगी. एकाने शपथेवर निळा सांगितला आहे. संपादकांनी तळटीप देऊन न्यायनिवाडा केलेला नाही, आणि ते मला पटलं.

या सगळ्या बोलण्यासमोर एकच कागद आहे, इयत्ता चौथीच्या एका तुकडीचा हजेरीपट. सप्टेंबरच्या अखेरच्या रकान्यांवर गुरुजींनी आडवी रेघ ओढून वर लिहिलंय, 'रोगचाळ्यामुळे सुटी'. दिवाळीनंतर नावांपुढे पुन्हा हजेरीच्या खुणा सुरू होतात. सहा नावांपुढे होत नाहीत. ती सहा मुलं गावीच राहिली, त्यांचे दाखले डिसेंबरात गेले. त्यांतल्या दोघांना संपादकांनी शोधून काढलं आणि त्यांचं लिखाण माझ्या मते या पुस्तकाचा कणा आहे. प्लेगने मेलेलं त्या वर्गात कुणी नव्हतं. पण सुरत सुटली ती सुटली, असं दोघांनीही जवळपास एकाच शब्दांत लिहिलंय.

मला प्रस्तावना लिहायला सांगितली त्यामागे एक कारण आहे. मी या गोष्टीच्या दुसऱ्या बाजूला होतो. त्या सप्टेंबरात मी अमळनेर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात दहावीत शिकत होतो. पितृपक्ष चालू होता, बाजरी कापणीला आली होती. एका संध्याकाळी निरोप आला की काका-काकू आणि दोन्ही मुलं आलीत, पण वेशीवर थांबलीत. "काय व्हयनं?" म्हणत आजी उठली. सुरतवाल्यांना गावात घ्यायचं नाही असं आदल्या दिवशी पारावर ठरलं होतं, आणि ठरवणाऱ्यांत माझे वडीलही होते. काकांना मळ्यातल्या झोपडीत पाच दिवस ठेवलं. डबा नेण्याचं काम माझ्याकडे होतं. बांधावर डबा ठेवायचा, चार पावलं मागे यायचं, मग काकू येऊन उचलणार. आजी रोज माझ्याबरोबर यायची, बांधाशी उभी राहून नातवंडांना हाका मारायची आणि परत फिरायची. रिकामा डबा घरी आला की राखेने दोनदा घासायची. तीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्या चार पावलांची लाज होती.

माझी ही चुलत बहीण तेव्हा चौथीत होती. तिचा मजकूर वाचला तेव्हा मी दोनदा थांबलो. मळ्यातले पाच दिवस तिच्या आयुष्यातली सर्वांत मजेची सुट्टी आहेत. उघड्यावर झोपायला मिळालं, भुईमुगाच्या ओल्या शेंगा उपटून खाल्ल्या, अभ्यास नव्हता. तिने लिहिलंय, "आजी लांबूनच हाक मारायची. मला वाटायचं तिचे गुडघे दुखतात म्हणून बांध ओलांडत नाही. दादा डबा आणायचा पण बोलायचा नाही. कशावर तरी रागावला होता." मी रागावलो नव्हतो. मी श्वास रोखून धरलेला असायचा.

हे तिला मी आता सांगितलं. ती हसली, मग गप्प झाली. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आता कशाला ते?" काका आधीच गेले. एकाच झोपडीतल्या पाच दिवसांच्या या तीन आठवणी एकमेकींना खोडत नाहीत, आणि त्यांची बेरीज करून एक खरी गोष्ट निघेल असंही मला वाटत नाही. मुलाला जे दिसतं त्यात कारण नसतं. आजी आली नाही, दादा बोलला नाही, बाबांनी पितळी हंडा बरोबर घेतला पण दप्तर घेतलं नाही, एवढंच असतं. मोठी माणसं कारण आधी सांगतात आणि पाहिलेलं विसरतात. म्हणून अशा वेळी शाळकरी साक्ष मला जास्त मोलाची वाटते.

हे सगळं आत्ताच का? २०२० च्या मे महिन्यात सुरतेतून श्रमिक गाड्या सुटल्या, तेव्हा याच लेखकांची मुलं खिडकीशी बसून विचारत होती की आपण कुठे चाललोय. कुणी परत गावाची वाट धरली, कुणी डिंडोलीतच दार लावून बसलं. गावांनी पुन्हा वेशी बंद केल्या, शाळेच्या खोल्यांत लोकांना चौदा-चौदा दिवस ठेवलं. १९९४ ची गोष्ट घरात कुणी नीट सांगितली असती तर काही वेगळं झालं असतं का, मला माहीत नाही. पण या मुलांपैकी बऱ्याच जणांना आईबाप एकदा असे निघाले होते हे पहिल्यांदा तेव्हाच कळलं. दुसरं कारण साधं आहे. मराठी शाळांचे वर्ग सुरतेत रोडावत चालले आहेत, लेखकांची स्वतःची मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात आहेत, आणि हजेरीपट लिहिणारे गुरुजी थकले आहेत.

पुस्तकात उणिवा आहेत. मागे राहिलेल्यांच्या आठवणी फक्त तीन आहेत. एकाचे वडील मिलचे वॉचमन होते म्हणून, एकीची आई बाळंतपणाला टेकली होती म्हणून, आणि एक जण का राहिला ते त्याला आजही माहीत नाही. ओस पडलेल्या गल्लीत गटारांवर टाकलेल्या पांढऱ्या पावडरीने त्यांनी खेळाचे चौकोन आखले, हे वाचताना अंगावर काटा येतो. मुलींपेक्षा मुलग्यांनी जास्त लिहिलं आहे. काही लेखांवर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातल्या चर्चेची सावली पडली आहे. एकाने आधी लिहिलेलं दुसऱ्याला 'आठवलेलं' दिसतं. आणि दुसऱ्या अर्ध्याला, म्हणजे गावाकडच्या लोकांना, या पुस्तकात जागा नाही. माझी ही प्रस्तावना सोडली तर त्यांची एकही ओळ नाही. आजीला मी कधी विचारलं नाही की तिला बांध ओलांडावासा वाटला का. ती २००३ मध्ये गेली.

संपादकांनी पुस्तकाच्या शेवटी आठ पानं कोरी सोडली आहेत, ती माझ्या आग्रहावरून. नंदुरबार, धुळे, जळगाव या जिल्ह्यांत हे पुस्तक हाती घेणाऱ्याला माझी विनंती आहे. १९९४ च्या पितृपक्षात तुमच्या घरी सुरतवाले आले असतील तर ते पहिली रात्र कुठे झोपले, पाणी कुठलं प्यायले, ओसरीवर कितव्या दिवशी आले, एवढं त्या पानांवर लिहा आणि पानं फाडून डिंडोलीला पाठवा. तारीख चुकली तरी चालेल. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर लिहायच्या आधी त्याला विचारा.